लक्ष्य, लक्षण आणि देशी : विष्णु नारायण भातखंडे यांचे जीवन व संगीताच्या व्याख्येचा प्रश्न

१

संगीत म्हणजे काय, या प्रश्नाला तेराव्या शतकात दिले गेलेले उत्तर आजही संगीताच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानावर आढळते. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत ही संज्ञा दिली. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतो आणि दुसऱ्या पानापासून जे शिकू लागतो त्यात नृत्य नसते, वाद्य बहुधा साथीपुरते असते आणि गीताच्या जागी राग आलेला असतो. रागाचा थाट, त्यातील वर्ज्य स्वर, वादी-संवादी, गायनसमय हाच त्याच्या अभ्यासाचा विषय होतो. संगीताच्या व्यावहारिक व्याख्येत झालेला हा बदल विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत शिक्षणक्षेत्रात स्थिर झाला आणि तो स्थिर करण्यात पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांचा वाटा फार मोठा आहे.

भातखंडे यांच्याकडे सामान्यतः बंदिशींचे संग्राहक, स्वरलेखनपद्धतीचे प्रवर्तक आणि विद्यालयांचे संस्थापक म्हणून पाहिले जाते. त्यांच्या आयुष्यभराच्या उद्योगामागे एक तात्त्विक प्रश्न सातत्याने उभा होता, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. शास्त्रग्रंथांच्या परिभाषेत प्रचारातील गायनवादनाला ‘लक्ष्य’ आणि त्याच्या नियमरूप वर्णनाला ‘लक्षण’ म्हणतात. ग्रंथातील लक्षण आणि गळ्यातील लक्ष्य यांत विरोध आला, तर प्रमाण कोणते मानावयाचे, हा तो प्रश्न होय. व्याकरणात नियम आणि प्रयोग यांचा जो संबंध, तोच येथे आहे. शिवाय भातखंडे यांचे प्रमुख विवेचन मराठी गद्यात झालेले आहे. त्यामुळे भाषा-साहित्याच्या अभ्यासकालाही हे जीवन परके वाटण्याचे कारण नाही.

या प्रश्नाला खानदेशचा संदर्भ दोन बाजूंनी आहे. भातखंडे यांनी ज्या मध्ययुगीन ग्रंथांचा आधार घेतला, त्यांपैकी एक खानदेशच्या फारुकी राजवटीच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याच खानदेशच्या पश्चिम टोकाला, १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा आहे. तेथे सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांच्या सणांत गीत, वाद्य आणि नृत्य एकमेकांपासून विलग न होता आजही नांदतात. पहिला संदर्भ भातखंडे यांच्या विचाराचे बळ दाखवितो. दुसरा त्या विचाराची सीमा दाखवितो.

२

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घराण्यात गाण्याचा पेशा नव्हता. पांढरपेशा ब्राह्मण कुटुंबातील मुलाने इंग्रजी शिकून वकिली वा नोकरी करावी, ही त्या काळाची रीत होती आणि विष्णूनेही ती पाळली. शाळकरी वयात त्याला बासरीचा नाद लागला. पुढे वल्लभदास नावाच्या सतारियाकडे त्याने सतारीची तालीम घेतली. गाणेबजावणे हा छंद म्हणून क्षम्य असला, तरी त्यात आयुष्य घालविणे प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेऊन भातखंडे १८८५ साली बी.ए. आणि १८८७ साली एलएल.बी. झाले. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

याच सुमारास त्यांचे दुसरे शिक्षण चालू होते. मुंबईतील पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी ही संस्था काढली होती. भातखंडे १८८४ साली तिचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना धृपदांची आणि अली हुसेन व विलायत हुसेन या खाँसाहेबांकडून ख्यालांची तालीम मिळाली. चिजांचा साठा शेकड्यांनी वाढत गेला. त्याबरोबर एक अडचणही वाढत गेली. एकाच रागाचे नाव घेऊन दोन उस्ताद दोन भिन्न स्वरसमूह गात आणि प्रत्येक जण आपलेच रूप शुद्ध असल्याचे सांगे. नियम विचारला, तर घराण्याचे नाव सांगितले जाई. शास्त्रीपंडितांकडे गेले, तर ते संस्कृत वचने म्हणून दाखवीत. पण त्या वचनांतील राग गाऊन दाखविणे त्यांना शक्य नसे. एकाकडे गाणे होते, त्याला नियम नव्हता. दुसऱ्याकडे नियम होता, त्याला गाणे नव्हते.

कायद्याच्या शिक्षणाचा येथे उपयोग झाला असावा, असे त्यांच्या पुढील कार्यपद्धतीवरून दिसते. साक्षीदार अनेक असले, तर त्यांच्या जबान्या ताडून पाहाव्या लागतात. दस्तऐवज जुना आहे एवढ्यावर तो लागू ठरत नाही. तो याच मालमत्तेचा आहे, हे सिद्ध करावे लागते. भातखंडे यांनी उस्तादांना साक्षीदारांचे आणि ग्रंथांना दस्तऐवजाचे स्थान दिले. १९०० साली त्यांच्या पत्नीचे आणि १९०३ साली एकुलत्या एका कन्येचे निधन झाले. त्यानंतर संसार आणि व्यवसाय या दोहोंतून त्यांचे मन निघाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी या एकाच शोधाला दिले.

३

१८९६ साली त्यांनी गुजरात-काठेवाडकडे प्रवास केला होता. खरे संशोधनदौरे मात्र १९०४ पासून सुरू झाले. त्या वर्षी ते दक्षिणेत मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टैयापुरम या ठिकाणी गेले. एट्टैयापुरम येथे त्यांची सुब्बराम दीक्षितर यांच्याशी भेट झाली. सतराव्या शतकातील व्यंकटमखी याच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाचा आणि त्यातील ७२ मेळांच्या रचनेचा परिचय त्यांना या दौऱ्यात झाला. सप्तकातील बारा स्वरस्थानांवरून किती मेळ संभवतात, याचा हिशेब तेथे पूर्ण केलेला होता. १९०७ साली नागपूर, कलकत्ता, पुरी, हैदराबाद आणि १९०८ साली प्रयाग, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, उदयपूर असे दौरे झाले. कलकत्त्यास त्यांनी सौरींद्रमोहन ठाकूर यांच्याशी चर्चा केली. जयपूरला महंमद अली खाँ यांच्या घराण्याकडून मनरंग परंपरेच्या चिजा मिळाल्या. पुढे रामपूरचे नवाब हमीद अली खाँ आणि त्यांच्या दरबारातील सेनिया परंपरेचे वजीर खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. वय आणि विद्वत्ता दोन्ही असताना त्यांनी शिष्यत्व पत्करले.

प्रवासात ते प्रश्नांची यादी जवळ ठेवीत आणि संभाषणाची नोंद रोजनिशीत करीत. त्यांचा एक प्रश्न ठिकठिकाणी तोच असे : ‘रत्नाकरा’तील शुद्ध स्वरसप्तक कोणते आणि त्यातील एखादा राग आजच्या स्वरांत सांगता येईल काय? समाधानकारक उत्तर त्यांना कोठेच मिळाले नाही. सर्वत्र आदराने उल्लेखिला जाणारा ग्रंथ प्रत्यक्षात कोणालाच लावता येत नाही, हा या दौऱ्यांतील मोठा निष्कर्ष ठरला. ज्याला सर्व जण आधार मानीत होते, तो आधार आजच्या गाण्यापर्यंत पोहोचत नव्हता.

याच ठिकाणी भातखंडे यांच्या व्यक्तिमत्त्वातील एक विसंगतीही नोंदविली पाहिजे. पेशेवर गायकांच्या शास्त्रविषयक अज्ञानाबद्दल, विशेषतः मुसलमान उस्तादांच्या बाबतीत, त्यांची मते कठोर होती. जानकी बखले यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात या बाजूची परखड चिकित्सा झालेली आहे. तथापि प्रामाण्याच्या प्रश्नावर निर्णय घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी कौल दिला तो ग्रंथाच्या बाजूने नव्हे, तर याच उस्तादांच्या गळ्याच्या बाजूने. पतंजलीच्या परंपरेत शब्दप्रयोगाचे प्रामाण्य शिष्टांकडे असते. भातखंडे यांच्या व्यवस्थेत शिष्टांच्या आसनावर उस्ताद बसले. त्यांची मते काहीही असोत, त्यांच्या पद्धतीने हा न्याय केला.

४

१९१० साली या शोधाची दोन फळे प्रसिद्ध झाली. एक ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत श्लोकबद्ध ग्रंथ आणि दुसरे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाचा पहिला भाग. संस्कृत ग्रंथावर कर्त्याचे नाव ‘चतुरपंडित’ असे घातले होते. मराठी ग्रंथात त्याच ग्रंथातील श्लोक एखाद्या तिऱ्हाइताचे असावेत, त्याप्रमाणे आधाराला घेतले आहेत. ग्रंथप्रामाण्य नाकारणाऱ्या माणसाने स्वतःच एक संस्कृत ग्रंथ निर्माण करून त्याला प्रमाण मानावे, यात विरोधाभास आहे. पण ग्रंथाचे नाव पाहिले, तर हेतू स्पष्ट होतो. श्लोकाचे रूप परंपरेचे असले, तरी आशय लक्ष्याचा आहे. संस्कृत वचनावाचून शास्त्र न मानणाऱ्या समाजाला त्यांनी प्रचारातील संगीत संस्कृतात लिहून दिले.

मराठी ग्रंथाची घडण अधिक लक्षणीय आहे. तो गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतात, मागील उत्तरातील विसंगती दाखवितात. गुरु ग्रंथांतील मतभेद मांडतो, प्रवासातील प्रसंग सांगतो, भेटलेल्या खाँसाहेबांचे व पंडितांचे संवाद बहुधा नावे न घेता कथन करतो आणि शेवटी राग कसा गातात, यापाशी येऊन थांबतो. चार भागांच्या या ग्रंथाचा शेवटचा भाग १९३२ साली निघाला. वादविवाद, किस्सा, उपहास, पाठभेदचर्चा आणि स्वरविस्तार हे सर्व एकाच बोलक्या गद्यात सामावून घेण्याची ही रीत मराठी शास्त्रीय गद्याच्या इतिहासात वेगळी नोंद घ्यावी अशी आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही ग्रंथांचा काळ एक आणि प्रकृतीही जवळची आहे. संस्कृत नियमांचा साचा मराठीवर बसवावयाचा की मराठीच्या प्रयोगांवरून नियम काढावयाचे, हा दामले यांच्यापुढील प्रश्न भातखंडे यांच्यापुढे स्वरांच्या रूपाने उभा होता.

या ग्रंथातून रागाची जी अंगे निश्चित होतात ती अशी : राग एखाद्या थाटात मोडला पाहिजे, त्यात किमान पाच स्वर असले पाहिजेत, षड्ज कधी वर्ज्य होऊ नये, मध्यम आणि पंचम एकाच वेळी वर्ज्य होऊ नयेत, आरोह-अवरोह आणि वादी-संवादी ठरलेले असावेत, आणि राग रंजक असला पाहिजे. पहिले नियम स्वररचनेचे आहेत, शेवटचा श्रोत्याच्या अनुभवाचा आहे. १८५४ साली व्हिएन्नाचा समीक्षक एदुआर्ड हान्सलिक याने संगीताचे सौंदर्य भावनेत शोधू नये, ते स्वरांच्या गतिमान आकृतीत आहे, असे प्रतिपादन केले होते. भातखंडे यांचा भर असाच स्वराकृतीवर दिसतो. परंतु रंजकतेची अट त्यांनी सोडली नाही. ती सोडली असती, तर बारा स्वरांच्या गणिताने निर्माण होणारा प्रत्येक समूह राग ठरला असता. नियम रागाला आकार देतात. तो राग आहे की नाही, हे ऐकणाऱ्याच्या मनाने ठरते.

‘लक्षणगीत’ या प्रकाराला त्यांनी जे महत्त्व दिले, तेही याच संदर्भात समजून घेतले पाहिजे. लक्षणगीतात रागाचे नियम शब्दांत सांगितलेले असतात आणि ते शब्द त्याच रागात बांधलेले असतात. लक्षण सांगता सांगता लक्ष्य सिद्ध होते. ‘चतुर’ या मुद्रेने भातखंडे यांनी अशी अनेक गीते रचली.

५

शास्त्राचा भूतकाळ भातखंडे यांनी नाकारला नाही. त्याची लांबी त्यांनी कमी केली. आजच्या संगीताशी ज्यांचा संबंध जोडता येतो, असे ग्रंथ त्यांना गेल्या काही शतकांतच दिसले. लोचनाची ‘रागतरंगिणी’, १५५० सालचा रामामात्याचा ‘स्वरमेलकलानिधि’ आणि त्यानंतर पुंडरीक विठ्ठलाचे ग्रंथ हे त्यांपैकी प्रमुख होत. पुंडरीक मूळचा कर्नाटकातील. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो खानदेशचा फारुकी राजा बुऱ्हाणखान याच्या आश्रयाला आला आणि तेथे त्याने ‘सद्रागचन्द्रोदय’ रचला. त्या काळी नंदुरबार-सुलतानपूरचा मुलूख गुजरातचे सुलतान आणि फारुकी यांच्यामधील वादाचा प्रदेश होता. दक्षिण, गुजरात आणि माळवा यांच्या वाटा जेथे मिळतात, तेथे दक्षिणी मेळपद्धती जाणणाऱ्या पंडिताने उत्तरेकडील रागांची व्यवस्था लावण्याचा प्रयत्न करावा, हे प्रदेशाच्या स्वभावाशी जुळणारे आहे. पुढे उत्तरेत गेल्यावर त्याने ‘रागमाला’ या ग्रंथात मेळ सोडून राग-रागिणी-पुत्र ही तेथील रूढ मांडणी स्वीकारली. देश बदलला तसे त्याचे लक्षणही बदलले. भातखंडे यांनी त्याचे ग्रंथ मिळवून प्रकाशात आणले. लक्ष्य पाहून लक्षण बदलणाऱ्या शास्त्रकाराचे उदाहरण त्यांना त्यात मिळाले.

पाटण्याच्या महंमद रजा याने १८१३ साली लिहिलेल्या ‘नगमाते आसफी’ या फारसी ग्रंथाने त्यांना आणखी एक आधार दिला. राग-रागिणी पद्धत सदोष ठरवून त्याने बिलावलचे सप्तक शुद्ध मानले होते. जुन्या ग्रंथांतील शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे होते. गायकांच्या व्यवहारात मात्र बिलावल स्थिरावला होता. भातखंडे यांनी व्यवहार स्वीकारला.

थाटांच्या निवडीतही तेच दिसते. व्यंकटमखीचे ७२ मेळ त्यांच्यापुढे होते आणि गणिताच्या दृष्टीने ती रचना परिपूर्ण होती. परंतु हिंदुस्थानी रागांना त्यांतील बहुसंख्य मेळ लागतच नाहीत, असे त्यांना आढळले. त्यांनी कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे दहाच थाट ठेवले. दहा या संख्येमागे गणिती तर्क नाही. प्रचाराचा हिशेब आहे. या वर्गीकरणावर घेतले जाणारे आक्षेपही त्याच न्यायाने तपासावे लागतात. चारुकेशीसारखा पुढे लोकप्रिय झालेला राग दहा थाटांत बसत नाही, हे खरे. पण लक्ष्य बदलले की लक्षण बदलावे, हा भातखंडे यांचाच नियम आहे. दहा थाटांना अपरिवर्तनीय मानणारा अभ्यासक त्यांचा निष्कर्ष जपतो आणि त्यांची पद्धत सोडतो.

६

१९१६ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्या मागे भातखंडे यांची प्रेरणा होती. तेथे त्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा आढावा घेणारा निबंध इंग्रजीत वाचला. याच परिषदेत श्रुतींचा वाद रंगला. कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी २२ श्रुतींची कंपनसंख्या निश्चित करून त्याप्रमाणे हार्मोनियम तयार करविला होता. प्राचीन वचन आणि आधुनिक पदार्थविज्ञान यांची सांगड घालून संगीताचे स्वरूप ठरविण्याचा तो प्रयत्न होता. भातखंडे यांना तो मान्य झाला नाही. गायक ज्या स्वरस्थानांवर राग उभा करतो, ती आधी पाहावीत. आकडे नंतर, अशी त्यांची भूमिका होती. ग्रंथाचे प्रामाण्य ज्या कारणाने त्यांनी बाजूस ठेवले, त्याच कारणाने यंत्राचेही ठेवले.

पुढील परिषदा १९१८ साली दिल्लीस, १९१९ साली काशीस आणि १९२४ व १९२५ या वर्षांत लखनौस झाल्या. रागांच्या वादग्रस्त रूपांवर उस्तादांना एकत्र बसवून प्रात्यक्षिकासह निर्णय घ्यावा, ही त्यामागील कल्पना. संगीताचे सत्य एखाद्या ऋषीच्या वचनात नसून जाणत्यांच्या सहमतीत आहे, हा विचार येथे संस्थेच्या रूपात आला. १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत विद्यालय आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून हजाराहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह विद्यार्थ्यांच्या हाती आल्या. घराण्याच्या भिंतीआड राहिलेली विद्या फी भरून शिकता येऊ लागली.

त्यांच्या समकालीन विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. संगीताला प्रतिष्ठा देण्याचे उद्दिष्ट दोघांचे एकच. वाटा मात्र भिन्न होत्या. पलुस्करांनी संगीताचे सार्थक भक्तीत पाहिले, भातखंडे यांनी त्याचे स्वरूप नियमांत शोधले. संगीत कशासाठी आणि संगीत म्हणजे काय, हे दोन प्रश्न या दोन जीवनांत वाटले गेलेले दिसतात.

७

भातखंडे पूर्वेच्या दौऱ्यावर निघाले त्याच १९०७ साली, ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींना वाहिलेला भाग प्रसिद्ध झाला. लिपी नसलेल्या, ग्रंथ नसलेल्या बोलींनाही ध्वनिव्यवस्था व व्याकरण असते, हे त्या सर्वेक्षणात गृहीत धरले होते. भाषेच्या क्षेत्रात जे गृहीत धरले गेले, ते संगीताच्या क्षेत्रात धरले गेले नाही. भातखंडे यांच्या दौऱ्यांची ठिकाणे दरबार, तीर्थक्षेत्रे, ग्रंथालये आणि शहरे ही होती. लक्ष्य म्हणजे प्रचारातील संगीत, असे त्यांनी म्हटले. पण कोणाच्या प्रचारातील, या प्रश्नाचे उत्तर रागगायकांपुरते मर्यादित राहिले.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी येथे भरणारी राजवाडी होळी या मर्यादेच्या बाहेर कोणते संगीत उभे होते, हे समजण्यास उपयोगी पडते. सातपुड्यातील गावागावांहून ढोल येतात. अंगावर नक्षी रेखलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरे व सुकलेले भोपळे बांधलेले बुध्या रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. हा वेष घेणाऱ्यांना होळीपूर्वी काही दिवस पाळणी पाळावी लागते. कमरेच्या भोपळ्या-घुंगरांचा नाद पावलाशिवाय निघत नाही आणि पाऊल ढोलाशिवाय पडत नाही. येथे वादक कोण आणि नर्तक कोण, असे विभाजन करणे कठीण होते. भातखंडे यांच्या राग-नियमांपैकी एकही नियम या नादाला लावता येणार नाही; शार्ङ्गदेवाची त्रिविध व्याख्या मात्र त्याला सहज लागू पडते. ज्या व्याख्येला नागर संगीतशिक्षणाने पहिल्या पानावर ठेवून दिले, ती पानाबाहेर, डोंगरात, अजून प्रत्यक्षात आहे.

या संगीताला नियम नाहीत, असेही म्हणता येत नाही. कोणी वेष घ्यावा, केव्हा वाजवावे, कोणत्या सणाला काय गावे, याची बंधने समाजाला ठाऊक असतात. भातखंडे यांनी रागाच्या स्वरूपात प्रहराला स्थान दिले. पहाट आणि संध्याकाळ यांच्या संधिप्रकाशातील राग त्यांनी स्वरांवरून ओळखले. काळ हा संगीताच्या लक्षणाचा भाग असू शकतो, हे तत्त्व त्यांना मान्य होते. सातपुड्यात तो काळ प्रहराचा नसून सणाचा आणि ऋतूचा आहे, एवढाच फरक आहे.

आणखी एक गोष्ट अधिक मूलगामी आहे. ‘बृहद्देशी’त मतंगाने देशी संगीताची कल्पना मांडताना राजांच्या बरोबरीने गुराख्यांच्याही आवडीला जागा दिली आहे. मार्ग संगीत लोपले आणि आज गायिले जाते ते सारे देशीच, हे शास्त्रकारांप्रमाणे भातखंडे यांनाही मान्य होते. म्हणजे त्यांचा यमन आणि मालकंस हेही शास्त्राच्या दृष्टीने देशी आहेत, आणि काठीचा ढोलही देशीच आहे. एकाच कोटीतील दोन गोष्टींपैकी एकीला शास्त्र मिळाले व दुसरी ‘लोक’ या शब्दाखाली शास्त्राबाहेर राहिली. हा भेद संगीताच्या स्वरूपातून आलेला नाही. तो अभ्यासकाने कोठपर्यंत पायपीट केली, यातून आलेला आहे. पुढे अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा कोटी कल्पून प्रत्येकीला स्वतंत्र निकष असतात, हे मांडले, तेव्हा या भेदाचा शास्त्रीय विचार मराठीत सुरू झाला. एका कोटीचे नियम दुसरीला लावून तिला अपुरी ठरविणे चूक आहे, हे त्या विचाराचे सार आहे. आणि ग्रंथातील नियम गळ्यातील गाण्यावर लादू नयेत, या भातखंडे यांच्या भूमिकेशी ते विसंगत नाही.

भातखंडे यांच्यावर या संदर्भात दोषारोप करणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. त्यांच्यापुढे नष्ट होऊ पाहणाऱ्या बंदिशींचा साठा होता आणि आयुष्य एकच होते. त्यांनी काय मिळविले यापेक्षा कोणत्या कसोटीने मिळविले, हे अधिक टिकाऊ आहे. ती कसोटी त्यांनी नेली त्याहून पुढे नेता येते.

८

१९३२ साली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चा चौथा भाग बाहेर पडला, तेव्हा भातखंडे बहात्तर वर्षांचे होते. पहिल्या भागापासून बावीस वर्षे गेली होती. संवादातील शिष्य अजूनही शंका विचारीत होते. १९३३ नंतर पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. लखनौच्या विद्यालयाची धुरा त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर सांभाळीत होते. क्रमिक मालिकेचे शेवटचे भाग भातखंडे यांना छापून आलेले पाहता आले नाहीत. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लखनौचे ते विद्यालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले आणि आज ते विद्यापीठ आहे.

त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पद्धतीचे जे झाले, ते बहुतेक व्याकरणांचे होते. प्रयोगांवरून काढलेले नियम परीक्षेचे नियम झाले. दहा थाट, वादी-संवादी आणि गायनसमय यांची कोष्टके पाठ होऊ लागली आणि लक्षणाने पुन्हा लक्ष्याची जागा घेतली. ज्या ग्रंथप्रामाण्यातून संगीताला बाहेर काढण्यासाठी भातखंडे गावोगाव हिंडले, त्याच प्रकारचे प्रामाण्य त्यांच्या ग्रंथांना मिळाले. संवादरूप मराठी ग्रंथ त्या मानाने कमी वाचला जातो, क्रमिक पुस्तके अधिक हाताळली जातात; त्यामुळे निष्कर्ष उरतात आणि शंका हरवतात.

मराठी विभागांतून होणाऱ्या लोकसाहित्याच्या अभ्यासात नंदुरबार-धुळे भागातील गीतांचे शब्द संकलित होतात. शब्द कागदावर येतात तेव्हा त्यांचा ठेका, पाऊल आणि सण मागे राहतो आणि गीताची कविता होते. भातखंडे यांनी चीज लिहून घेताना शब्दांवर स्वर आणि खाली तालाच्या खुणा घातल्या, कारण त्यांच्यावाचून ती चीज राहत नाही, हे त्यांना माहीत होते. त्यांनी उस्तादांच्या गळ्याला जे प्रामाण्य दिले, ते सातपुड्यातील ढोलाला आणि पावलाला देणे, हा त्यांच्या विचाराचा पुढचा पल्ला आहे. संगीताची व्याख्या त्या वेळी बदलेल की शार्ङ्गदेवाच्या जुन्या व्याख्येकडे परत जाईल, हे आधीच सांगता येत नाही. भातखंडे यांच्या पद्धतीने पाहिले, तर ते आधी सांगावयाचेही नसते. प्रथम ऐकावे लागते.